तुमचे प्रश्न: नवा अ‍ॅक्सेप्टर चांगला आहे हे ठरवतात कसं?

प्रश्न: नमस्कार सर, मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे. ऑर्गॅनिक सोलर सेलसाठी नवीन अ‍ॅक्सेप्टर आला, एफिशियन्सी वाढली असं सारखं वाचतो. रेणू बनवला की पुढे तो तपासतात कसा? आणि फुलरीन का सोडलं सगळ्यांनी?

उत्तर: अ‍ॅक्सेप्टर म्हणजे सेलमध्ये इलेक्ट्रॉन घेणारा रेणू, डोनर म्हणजे तो देणारा. फुलरीनचं (कार्बनचा चेंडूसारखा रेणू) आधी उरकतो. पीसीबीएम हे फुलरीनपासूनच बनवलेलं अ‍ॅक्सेप्टर, ते इलेक्ट्रॉन छान घेतं पण दिसणारा प्रकाश फारसा शोषत नाही आणि त्याच्या एनर्जी लेव्हल्स हव्या तशा बदलता येत नाहीत. 2015 ला आयटीआयसी हे फुलरीन नसलेलं अ‍ॅक्सेप्टर आलं, 2019 ला वाय6 या तशाच अ‍ॅक्सेप्टरने पीएम6 या डोनर पॉलिमरसोबत 15.7 टक्के एफिशियन्सी दिली, मग काय, सगळे तिकडेच वळले.

आता तपासणी. पहिल्यांदा अ‍ॅब्सॉर्प्शन (कुठला प्रकाश किती शोषतो) बघतात, तेही सोल्युशनचं नुसतं नाही तर फिल्मचं, कारण फिल्ममध्ये रेणू एकमेकांना चिकटले की पीक सरकतो. मग सायक्लिक व्होल्टामेट्रीने (व्होल्टेज वरखाली करत करंट मोजायची पद्धत) होमो-लुमो, म्हणजे इलेक्ट्रॉन असलेली सगळ्यात वरची आणि रिकामी सगळ्यात खालची एनर्जी लेव्हल, काढतात. हे आकडे दोन वेगळ्या पेपरांतले घेऊन वजाबाकी करत बसू नका, डोनर आणि अ‍ॅक्सेप्टर दोन्ही एकाच सेटअपवर मोजायचे.

खरी परीक्षा डोनरमध्ये मिसळल्यावर असते. एक्सायटॉन (प्रकाश शोषल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन आणि होलची बांधलेली जोडी) साधारण 10 नॅनोमीटर जातो आणि विझतो, तेवढ्यात त्याला डोनर-अ‍ॅक्सेप्टरची सीमा सापडली पाहिजे, त्यामुळे रेणू कितीही भारी असला तरी मिश्रणात मोठे गोळे झाले की करंट पडतो, आणि मग लोक सॉल्व्हंट बदल, अ‍ॅडिटिव्ह टाक, अ‍ॅनिलिंग (फिल्म तापवणं) कर असं महिनोन्‌महिने करत बसतात. एका डोनरसोबत आपटला म्हणून रेणू टाकून देऊ नये असं माझं मत.

सेल 100 मिलीवॅट प्रति चौरस सेंटीमीटर प्रकाशात मोजतात. पण त्या करंटवर लगेच विश्वास ठेवू नका, ईक्यूई वक्रातून (प्रत्येक तरंगलांबीला आलेल्या फोटॉनपैकी कितींचा करंट झाला) काढलेला करंट त्याच्याशी जुळतोय का बघा, नसेल जुळत तर बहुधा मास्क (सेलच्या किती भागावर प्रकाश पडावा ते ठरवणारं झाकण) नाहीतर दिव्याचं कॅलिब्रेशन गंडलंय. आणि बेस्ट सेलपेक्षा सरासरी बघा, किती सेलची आहे तेही, तुलनेसाठी शेजारी वाय6 चा सेल त्याच दिवशी बनवलाय का तेही.

प्रश्न: आणि टिकाऊपणा?

उत्तर: तिथेच बरेच जण गळतात. आयटीआयसीसारख्या रेणूंत मधला भाग आणि टोकाचा गट जोडणारा डबल बाँड असतो, खाली झिंक ऑक्साइडचा थर असेल तर यूव्हीत तोच तुटतो. म्हणून टेस्ट कुठल्या दिव्याखाली केलीय ते वाचाच, पांढऱ्या एलईडीत यूव्ही जवळजवळ नसतंच, म्हणजे हा बिघाड तिथे दिसणारच नाही.