सोलापूरच्या उन्हात, फ्लॅटमध्ये पोमेरेनियन कुत्रा पाळता येईल का? स्वभाव कसा असतो?

हो, येईल, पण एप्रिल-मेमध्ये घरात कूलर किंवा एसी हवाच, आणि भुंकणं शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडायला हवं. होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये गेली ९ वर्षं मी एक सांभाळतोय. जेमतेम २-३ किलोचा जीव, पण स्वतःला अल्सेशियन समजतो: लिफ्ट थांबली की सुरू! माणसांचा लळा फार, दिवसभर एकटं ठेवलं तर बिघडतो. पारा ४२ च्या पुढे गेला की फिरवणं सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. दुपारच्या डांबरावर पंजे भाजतात. उन्हाळा आला म्हणून केस भादरू मात्र नका. त्याचा दुहेरी थर उन्हापासूनही वाचवतो, आणि भादरलेले केस कधीकधी नीट परत येतच नाहीत. एक दिवसाआड विंचरा, दात घासा. श्वासनलिका नाजूक, म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. सोफ्यावरून उड्या नकोत, गुडघ्याची वाटी सरकते.

घेताना एक बघा: आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू बरेचदा इंडियन स्पिट्झ या वेगळ्याच जातीचं असतं. ते मोठं होऊन ५ किलोच्या पुढे जातं, पण आपला उन्हाळा त्यालाच जास्त मानवतो.