पावसात पुस्तकावर सही घ्यायला जाऊ का? सोबतची मैत्रीण मराठी वाचत नाही

तुम्ही नोकरीसाठी नुकतेच बडोद्यात आला आहात. शनिवारी संध्याकाळी तुमच्या आवडत्या लेखकाच्या सह्यांचा कार्यक्रम आहे, पाऊस हटत नाहीये आणि सोबत येणाऱ्या गुजराती मैत्रिणीने त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. जावं का, आणि समोर गेल्यावर बोलावं काय, असं विचारलंय.

जा. मैत्रिणीलाही न्या. माझा अनुभव सांगते.

गेल्या श्रावणात दांडिया बाजारात एका कथालेखिकेचा असाच कार्यक्रम होता. दुपारपासून धो-धो पाऊस. विश्वामित्रीचं पाणी चढतंय, असे निरोप चारला सुरू झाले. इथे नदी चढली की शहराचा जीव वर-खाली होतो, मगरी तिच्यातच राहतात. आई म्हणाली, "पुस्तक काय, नंतरही मिळेल." पण ती बाई नंतर मिळणार नव्हती. माझ्याकडे तिचा पहिला कथासंग्रह अकरा वर्षं आहे, कडा पिवळ्या पडल्यात, शिवण सुटत आलीये. मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून त्यात तो गुंडाळला आणि वर ओढणी बांधली.

माझी मैत्रीण जन्माने गुजराती, आमच्याच पोळमधली, म्हणजे गल्लीतली. लहानपणी आम्ही मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बरोबर जायचो. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना आणून राज्यात वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्याच काळातलं हे ग्रंथालय. ती गुजराती कपाटांकडे वळायची, मी मराठी. परतताना एकमेकींना गोष्टी सांगायचो. म्हणजे माझ्या आवडीच्या निम्म्या मराठी कथा तिला तोंडपाठ, पण स्वतः वाचलेली एकही नाही. आईशी ती अस्खलित मराठी बोलते, तरी पुस्तक हातात दिलं की म्हणायची, "तूच वाच ना, मला तुझ्या आवाजात कळतं."

हॉलमध्ये आम्ही धरून चौदा माणसं. आयोजकांना वाईट वाटत होतं, मला मात्र आतून बरं वाटलं. गर्दी असली की लेखक नाव विचारतो, सही करतो, मान वर करायला त्याला वेळ नसतो. त्या रात्री लेखिकेने प्रत्येकाला समोर खुर्ची दिली.

आता बोलायचं काय. मी घरून एक छान वाक्य पाठ करून नेलं होतं, 'तुमच्या लेखनाने माझं आयुष्य…' वगैरे. खुर्चीत बसले आणि ते म्हणावंसंच वाटेना. त्याऐवजी सांगितलं की तिसऱ्या कथेतली म्हातारी नळाखाली हंडा लावून विसरते ना, तशी माझी आजी शेवटच्या वर्षी विसरायची आणि अंगणभर पाणी व्हायचं. लेखिकेने पेन खाली ठेवलं. "पितळेचा हंडा?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "आता कुठे आहे?" आईने त्यात कडीपत्ता लावलाय, हे सांगताना माझा आवाज भरून आला. तिने माझ्या पुस्तकावर फक्त आजीचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. तुम्हीही एक जागा नेमकी आठवून ठेवा, एखादं पात्र, एखादी ओळ, आणि ती तुमच्या घरात कुठे भेटली ते सांगा. ही कौतुकाहून मोठी गोष्ट आहे, कारण लेखकाला ती दुसऱ्या कुणाकडून कळण्यासारखी नसते.

मैत्रीण मागे उभी होती. लेखिकेने तिला विचारलं, "तुम्ही काय वाचता?" तिने खरं ते सांगितलं. मग तिने नवीन पुस्तकाची एक प्रत विकत घेतली, आणि लेखिकेने तिच्या नावाखाली लिहिलं: 'पावसाळी संध्याकाळची ओळख'. मैत्रिणीने तिथेच मोठ्याने वाचलं. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी तिला येतेच, शिरोरेषा बाजूला ठेवली तर गुजराती अक्षरंही तिचीच भावंडं. आणि हिंदी वाचणारा 'ळ'पाशी अडखळतो तशी ती अडखळली नाही, कारण तो गुजरातीतही आहे. तिन्ही 'ळ' स्वच्छ.

पाऊस थांबेना म्हणून आम्ही तासभर दाराशी थांबलो. तिने मोबाइलच्या उजेडात पहिलं पान काढलं. 'ओसरी' तिला विचारावी लागली नाही, दोन्ही भाषांत तीच. 'माजघर' मात्र मला हातवारे करून समजवावं लागलं. त्या तासासाठी मी कितीही भिजायला तयार आहे.

थोडं कामाचं. साधं बॉलपेन जवळ ठेवा. मागे एकदा एका कवीची शाईच्या पेनाने केलेली सही घरी येईतो निळा डाग झाली होती, बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे पाण्याने फुटत नाही. गुळगुळीत कागदावर मात्र तीही पुसटते, तेव्हा पान लगेच मिटू नका. सही मुखपृष्ठाच्या आतल्या रंगीत पानावर नको, जिथे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापलेलं असतं तिथे घ्या. नाव कसं लिहायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या, विशेषतः मैत्रिणीचं. आणि पुस्तक भिजलंच तर उन्हात किंवा ड्रायरखाली धरू नका, कागद वाकडा होतो. मध्ये मध्ये कोरे टिपकागद घालून, पानं थोडी उघडी ठेवून पंख्याखाली उभं करा.

मैत्रीण आता पाचव्या कथेवर आहे. अडलेल्या शब्दाचा फोटो रात्री अकराला पाठवते. काल 'उंबरठा' विचारला होता. मी लिहिलं, "तुमचा उंबरो." दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं, "अरे, हा तर आपलाच!"

शनिवारी अलकापुरीकडून निघणार असाल तर गरनाळ्याच्या, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याच्या, भरवशावर राहू नका, जोराचा पाऊस झाला की ते पाण्याने भरून बंद होतं. जेतलपूरच्या पुलावरून या आणि अर्धा तास आधी निघा.