चोचीत गवताची काडी : मुनियांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या मोरपंखीच्या झाडात चिमणीहून लहान, तपकिरी पक्षी लांबलचक गवताचं पातं घेऊन शिरतात. ही मुनिया का? आणि कोणती? (पुणे)

पक्ष्याहून लांब पातं चोचीत धरून तो सरळ रेषेत उडत गेला, की मुनियाचं घरटं चालू आहे असं बहुतेक वेळा समजावं. चिमणी काड्या, कापूस, दोरे असं सटरफटर गोळा करते आणि ते भिंतीच्या भोकात नेऊन टाकते. मुनियाला जवळजवळ फक्त गवत लागतं आणि घरटं झाडाच्या दाटीत बांधायचं असतं. मराठीत हिला मनोली असंही म्हणतात.

मोरपंखी, अशोक, बोगनवेल अशा बागेतल्या दाट झाडांत पावसाळ्यात बहुधा ठिपकेवाली मुनिया असते. गळा विटकरी-तपकिरी, चोच काळपट आणि पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. कोरड्या माळावर, बोरी-बाभळींत दिसते ती पांढऱ्या गळ्याची मुनिया: फिकट मातकट पाठ, पांढरं पोट, जाड रुपेरी-निळसर चोच आणि टोकदार काळी शेपूट. शेपटीकडे आवर्जून बघा, लांबूनही तेवढी खूण पुरते. कोकणात आणि घाटाच्या जंगलकडेला गडद तपकिरी अंगाची, कमरेवर पांढरा पट्टा असलेली मुनिया दिसते. काळं डोकं, विटकरी पाठ आणि पांढऱ्या पोटावर मधोमध काळा डाग असेल तर ती तिरंगी मुनिया. तिला भातखाचरं, ऊस आणि पाणथळीतलं उंच गवत आवडतं.

फसगत होते ती पिल्लांमुळे. ठिपकेवालीच्या पिल्लाच्या अंगावर एकही ठिपका नसतो, ते नुसतं तपकिरी असतं. थव्यात असे साधे पक्षी दिसले की वेगळी जात लिहून मोकळं होऊ नका. शेजारी खवलेवाला मोठा पक्षी आहे का, ते आधी बघा.

प्रश्न : घरट्याला त्रास न देता आत अंडी आहेत की पिल्लं, हे कसं ओळखायचं? (सातारा)

फांदी वाकवून, मोबाइल आत घालून कधीच नाही. मुनियाचं घरटं बंद गोळा असतो, साधारण नारळाएवढा किंवा थोडा मोठा, आणि तोंड बाजूला. ते तोंड पानांत दडलेलं असतं म्हणूनच घरटं टिकतं. तुम्ही पानं बाजूला केलीत की कावळ्याला आणि भारद्वाजाला वाट मोकळी होते. सगळं बाहेरूनच कळतं, फक्त बसायला हवं.

८×४२ची दुर्बीण असेल तर १५ मीटरवर बसा, जमलं तर झाडाआड किंवा गाडीत. पक्षी चारा किंवा काडी घेऊन जवळच्या फांदीवर थांबला, इकडेतिकडे मान वळवत राहिला आणि आत जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. पाच-सात पावलं मागे सरा. एका बैठकीला अर्धा तास पुरतो. रोज जायची गरज नाही, तीन-चार दिवसांनी एकदा गेलात तरी सगळे टप्पे हाती लागतात.

बांधणी चालू असताना नर-मादी सतत ये-जा करतात. आधी जाड पाती येतात, शेवटी अस्तरासाठी मऊ तुरे आणि कधी पिसं. मग एकदम सामसूम होते. इथेच बहुतेक निरीक्षक चुकतात. घरटं सोडून दिलं असं समजून ते जवळ जातात आणि आत बसलेला पक्षी भर्रकन उडतो. ही शांतता म्हणजे अंडी उबवणं. मादी रोज एक अशी साधारण चार ते सात पांढरीशुभ्र अंडी घालते आणि दोघं आळीपाळीने बसतात. म्हणून तासाभरात एखादीच अदलाबदल दिसते: एक आत गेला की थोड्या वेळाने दुसरा बाहेर पडतो. उबवण्याचा काळ जवळपास दोन आठवड्यांचा.

पिल्लं निघाल्यावर ये-जा पुन्हा वाढते, पण चोच मात्र रिकामी दिसते. याने गोंधळू नका. मुनिया अर्धकच्चं बी गळ्यातल्या पिशवीत साठवून आणते आणि आत जाऊन पिल्लांच्या घशात ओकते, त्यामुळे वटवट्यासारखी तोंडात अळी दिसायची नाही. आणखी एक पक्की खूण म्हणजे विष्ठा. बरेच पक्षी पिल्लांची घाण उचलून लांब टाकतात, मुनिया मोठ्या पिल्लांची तशी टाकत नाही. दाराच्या कडेला पांढरा थर जमू लागला की पिल्लं मोठी झाली. तीनेक आठवड्यांची झाली की ती बाहेर पडतात. या शेवटच्या दिवसांत तर अजिबात जवळ जाऊ नका. घाबरलेली पिल्लं वेळेआधी उड्या मारतात आणि खाली मांजराच्या तोंडी जातात.

वहीत तारीख, वेळ, झाड, घरट्याची उंची, तोंडाची दिशा आणि अर्ध्या तासातल्या फेऱ्या एवढं लिहा. फोटो लांबच्या लेन्सने, फ्लॅश न वापरता. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नये.

प्रश्न : विहिरीवरच्या सुगरणीच्या जुन्या खोप्यात डिसेंबरात मुनिया शिरताना दिसतात. त्या तिथे अंडी घालतात का? (बारामती)

घालतात. पांढऱ्या गळ्याची मुनिया आयता खोपा मिळाला तर हमखास वापरते, आणि ती वर्षात जवळपास कधीही घरटं करू शकते. पण नुसतं आत शिरणं हा पुरावा नव्हे. हीच मुनिया थंडीत खोप्याचा उपयोग नुसता झोपायला करते. संध्याकाळी पाच-सहाजण एका खोप्यात शिरून सकाळी बाहेर पडत असतील तर ती झोपायची जागा. दुपारी दोनच पक्षी, एक आत आणि एक बाहेर, किंवा चोचीत मऊ गवत दिसलं तर वीण. म्हणून सुगरणीचे जुने खोपे शोभेसाठी काढून नेऊ नका.

प्रश्न : लाल मुनिया फक्त पावसाळ्यातच येते का? (नाशिक)

ती वर्षभर असते, तुम्हाला ओळखू येत नाही एवढंच. विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत, नर गडद लाल आणि अंगावर पांढरे टिपके. वीण संपली की तो मादीसारखा मातकट होतो. मग कमरेवरचा लाल रंग आणि पंखांवरचे पांढरे टिपके शोधा. तळ्याकाठचं गवत, पाणकणीस, उसाचे बांध पाहा. घरटं जमिनीलगत झुडपात किंवा गवतात असतं, त्यामुळे त्या दिवसांत अशा गवतातून चालणं टाळाच.

प्रश्न : गुलाबी फिंचचं घरटं सह्याद्रीत सापडेल का? (कोल्हापूर)

नाही. ती हिवाळी पाहुणी. तिची वीण हिमालयात आणि त्याहून उत्तरेला होते.

प्रश्न : झाड छाटताना मुनियाचं घरटं खाली पडलं, आत पिल्लं आहेत. आता काय करू? (ठाणे)

आधी छाटणी थांबवा. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लं टाकतात, हा समज चुकीचा आहे. पक्षी वासावरून पिल्लं नाकारत नाहीत. घरटं शाबूत असेल तर ते एका लहान वेताच्या टोपलीत किंवा भोकं पाडलेल्या डब्यात बसवा. तोंड बाजूलाच राहू द्या, वर करू नका, नाहीतर पाऊस आत जाईल. त्याच झाडाच्या उरलेल्या दाट फांदीवर, शक्य तितकं जुन्या उंचीला, सुतळीने दोन ठिकाणी घट्ट बांधा. तासभर लांबून पाहा. मोठे पक्षी आले तर काम झालं. तीन-चार तासांत कुणीच फिरकलं नाही किंवा पिल्लू जखमी असेल तरच वनविभागाला किंवा जवळच्या पक्षी उपचार केंद्राला कळवा. दूधभात, पाणी काहीही पिल्लाच्या चोचीत घालू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरतं.

पुढच्या वर्षी छाटणी उन्हाळ्यात, पावसाआधी उरका. आधी दाट फांद्यांत गोळा दिसतो का ते तपासा, कारण काही मुनिया उन्हाळ्यातही वीण करतात.

प्रश्न : बाल्कनीत मडकं टांगलं, मुनिया येत नाही. काय चुकतं? (नागपूर)

मडकं चिमणीसाठी ठीक. मुनिया ढोलीत राहत नाही, तिला दाट पानं आणि लांब, बारीक गवत हवं. कुंडीत बोगनवेल किंवा जुई गच्च वाढू द्या. खाली जागा असेल तर पट्टाभर गवत दिवाळीपर्यंत कापू नका, तुरे पिकू द्या. थाळीतल्या राळ्यापेक्षा तिला ते हिरवं बी अधिक उपयोगी पडतं, पिल्लांना तेच भरवते.

प्रश्न : आठवडी बाजारात हिरव्या-पिवळ्या मुनिया विकायला होत्या. घेऊन सोडून दिल्या तर? (अमरावती)

विकत घेऊ नका. तुमच्या पैशावर तो पुढच्या आठवड्यात आणखी पक्षी पकडतो. असे भडक रंगाचे पक्षी बहुतेकदा रंग फासलेल्या साध्या मुनिया असतात. रंगाने पिसं चिकटतात आणि त्यांना नीट उडता येत नाही. खरी हिरवी मुनिया मध्य भारत आणि अबूच्या डोंगरात राहते, ती दुर्मीळ आहे आणि पिंजऱ्याच्या व्यापारानेच तिला अधिक धोका आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार रानातल्या मुनिया पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही शिकारीत मोडतं. जागा, दिवस आणि पिंजऱ्यांचा फोटो घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा. विक्रेत्याशी तिथेच वाद घालू नका, तो माल घेऊन निघून जातो.