दादाच्या कॅसेट ऐकायला घेताना

दादाचा नव्वदच्या दशकातल्या कॅसेटचा खोका हाती लागलाय, तर आधी 'बूंदें' लावा. सिल्क रूट या बँडचा 1998चा अल्बम, त्यांचा गायक मोहित चौहान चित्रपटांत गाजण्याच्या कितीतरी आधीचा. लोकांना त्यातलं फक्त 'डूबा डूबा' आठवतं आणि नवखेही तेवढंच ऐकून कॅसेट काढतात. ही पहिली चूक. तेव्हा टीव्हीवर एका अल्बमची एखाद-दोनच गाणी दिसायची, बाकीची बी साइडला, म्हणजे कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, पडून राहायची. दोन्ही बाजू क्रमाने ऐका, निदान तीनदा. माझं मन तिसऱ्या खेपेला जडलं, आणि आजही पावसाळी संध्याकाळी मी तीच लावतो.

मग लकी अलीचा 'सिफर', तोही 1998चाच. त्याच्याच आधीच्या 'ओ सनम' गाण्याच्या गाजावाजात मागे राहिला, पण मला तो जास्त प्रिय आहे.

कॅसेटबाबत एवढंच सांभाळा:
- फितीवर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, डेकचं (कॅसेट प्लेअरचं) हेड, म्हणजे फीत वाचणारा भागही, खराब होतं.
- बरीच वर्षं पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या.
- फितीमागचा छोटा पॅड निघाला असेल तर आवाज दबका येतो. कॅसेट टाकू नका, पॅड बदलता येतो.

हेड जुळवणं, डिजिटल करणं नंतर बघू. बी साइडचं कुठलं गाणं आवडलं ते मात्र नक्की कळवा.