कर्करोगाचे आकडे जागेगणिक का बदलतात?

प्रश्न : आम्ही राहतो ती वस्ती साधारण हजार माणसांची आहे. गेल्या वर्षभरात येथे पाच जणांना कर्करोग असल्याचे निदान झाले. दोघींना स्तनाचा, एकाला फुप्फुसाचा, एकाला तोंडाचा आणि एका आजींना मोठ्या आतड्याचा. पिण्याच्या पाण्यातच काहीतरी दोष असावा, असे सगळे म्हणू लागले आहेत. आमची भीती रास्त आहे का?

उत्तर : आपली भीती समजण्यासारखी आहे आणि ती उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. ओळखीच्या पाच घरांवर एकाच वर्षात असा घाला पडला, की त्यामागे एकच कारण असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आपण दिलेल्या तपशिलावरून पाण्याचा संशय मला बळकट वाटत नाही, आणि तो का वाटत नाही हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

समजा, एखाद्या प्रदेशात एक लाख लोकसंख्येमागे दरवर्षी २०० नवे रुग्ण आढळतात. या हिशेबाने हजार माणसांच्या वस्तीत वर्षाला सरासरी दोन रुग्ण येतील. पण सरासरी दोन याचा अर्थ प्रत्येक वस्तीत दरवर्षी नेमके दोन, असा होत नाही. अशा एक हजार वस्त्या घेतल्या आणि सर्वत्र धोका अगदी सारखा आहे असे मानले, तरी निव्वळ योगायोगाने सुमारे १३५ वस्त्यांत त्या वर्षी एकही रुग्ण सापडणार नाही आणि सुमारे ५० वस्त्यांत पाच किंवा त्याहून अधिक सापडतील. ज्या १३५ वस्त्यांत कोणीच आजारी पडले नाही तेथून पत्र येत नाही. पत्र येते ते या पन्नासांतून. लहान लोकसंख्येचे दर असे वरखाली होतच असतात, म्हणून देशाच्या नकाशावर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दर दाखवणारे भाग पाहिले, तर दोन्हींकडे विरळ वस्तीचेच भाग पुष्कळदा दिसतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. कर्करोग हा एक आजार नसून अनेक आजारांचे एक कुटुंबनाव आहे. आपल्या पाच रुग्णांत चार वेगवेगळे प्रकार आहेत. एकाच स्थानिक कारणामुळे रुग्ण वाढतात तेव्हा बहुधा एकच प्रकार, तोही एरवी क्वचित दिसणारा, किंवा एकाच कारणाशी नाते असलेले दोन-तीन प्रकार वाढलेले आढळतात. तुर्कस्तानातील कापाडोकिया भागात कराइन नावाचे छोटे गाव आहे. तेथे फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा एरवी अत्यंत दुर्मीळ असलेला कर्करोग इतक्या जणांना होत होता, की १९७०च्या दशकात डॉ. इझेत्तिन बारिश यांनी त्याचा शोध घ्यायला सुरुवात केली. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना होणारा हा आजार येथे शेतकऱ्यांना आणि घरकाम करणाऱ्या बायकांना होत होता. कारण घराच्या भिंतींतच निघाले. तेथील ज्वालामुखीजन्य दगडात एरिओनाइट नावाच्या खनिजाचे सूक्ष्म तंतू होते, त्याच दगडाची घरे बांधलेली होती आणि त्याची धूळ लहानपणापासून श्वासातून आत जात होती. जवळच्याच कार्लिक गावात हा आजार नव्हता. इतक्या थोड्या अंतरावर इतका फरक, आणि तोही एकाच विशिष्ट कर्करोगाचा, अशी खूण दिसली की योगायोगाचे स्पष्टीकरण टिकत नाही. पुढे १९८७ मध्ये एरिओनाइटची नोंद मानवाला निश्चित कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत झाली.

पाण्याचाही दाखला आहे. चिलीतील आंतोफागास्ता शहराला १९५८ मध्ये नव्या नद्यांचे पाणी मिळू लागले. त्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. आज जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा १० आहे. १९७०च्या सुमारास शुद्धीकरण सुरू झाले, परंतु फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतरही वाढत गेले आणि १९९०च्या दशकातही ते इतर भागांपेक्षा कितीतरी अधिक होते. पाण्याने होणारा कर्करोग असा वर्षानुवर्षांच्या अंतराने उगवतो. म्हणून यंदाच्या रुग्णांचे मूळ यंदाच्या पाण्यात शोधण्यापेक्षा वीस-तीस वर्षांपूर्वी ही माणसे कोठे राहत होती, काय पीत होती, कोणते काम करत होती आणि तंबाखूशी त्यांचा संबंध कितपत होता, हे विचारावे लागते.

आपण एक काम अवश्य करावे. प्रत्येक रुग्णाचा नेमका प्रकार, निदानाच्या वेळचे वय, निदानाची तारीख, वस्तीत राहिल्याची वर्षे आणि व्यवसाय, एवढे एका कागदावर लिहून ते आरोग्य विभागाकडे द्यावे. मात्र वस्तीची हद्द आणि कालावधी आधी ठरवावा आणि मग मोजावे. भिंतीवर आधी गोळ्या झाडायच्या आणि त्या दाट लागल्या तेथे मागाहून लक्ष्याचे वर्तुळ काढायचे, असे मोजणीत झाले तर कोठेही साथ दाखवता येते. पाण्याची तपासणी मागण्यासाठी मात्र कर्करोगाचा पुरावा लागत नाही. स्वच्छ पाणी मागायला तहान पुरेशी आहे.

प्रश्न : दोन जिल्ह्यांची आकडेवारी वाचली. एकाचा दर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे पहिल्या जिल्ह्यात राहणे दुप्पट धोक्याचे समजायचे का?

उत्तर : तो दर कोणता आहे, हे पाहिल्याशिवाय समजू नये. कर्करोग प्रामुख्याने उतारवयाचा आजार आहे, त्यामुळे ज्या जिल्ह्यात वृद्ध अधिक, तेथे रुग्णही अधिक असणारच. उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ. साठ वर्षांखालील लोकांत दर लाखामागे ५० आणि साठीपुढच्या लोकांत ५०० रुग्ण, हे प्रमाण दोन्ही जिल्ह्यांत अगदी सारखे आहे असे धरा. पहिल्या जिल्ह्यातील एक लाख लोकांपैकी ३० हजार साठीपुढचे आहेत. तेथे तरुणांमध्ये ३५ आणि वृद्धांमध्ये १५० असे १८५ रुग्ण होतील. दुसऱ्यात १० हजारच साठीपुढचे आहेत. तेथे ४५ आणि ५० असे ९५ होतील. कोणत्याही वयाच्या माणसाला दोन्हीकडे धोका तंतोतंत तेवढाच असूनही दर जवळजवळ दुप्पट दिसतो. हा दोष काढण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांची वयरचना एकच असती तर दर किती आला असता, असा हिशेब करतात आणि त्याला वयप्रमाणित दर म्हणतात. जपानचे मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये सुचवलेली आणि पुढे थोडी सुधारलेली प्रमाण लोकसंख्या, म्हणजे सर्वांसाठी एकच धरलेली वयरचना, त्यासाठी आजही जगभर वापरली जाते. प्रदेशांची तुलना करताना हाच दर पाहावा. किती खाटा आणि किती डॉक्टर लागतील हे ठरवताना मात्र साधा दर आणि रुग्णांची प्रत्यक्ष संख्याच उपयोगी पडते, कारण उपचार हिशेबातल्या नव्हे तर समोर आलेल्या माणसांवर करायचे असतात.

प्रश्न : काही जमातींत किंवा प्रदेशांत ठरावीक कर्करोग जास्त असतो, याचा अर्थ तो रक्तातच असतो असे एका नातेवाइकांनी सांगितले. मग प्रतिबंधाला काय अर्थ उरतो?

उत्तर : आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण प्रदेशाप्रदेशांतील मोठ्या फरकांचे बहुतेक स्पष्टीकरण रक्तात मिळत नाही. जपानमधून हवाई आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांचा अभ्यास यासाठी फार मोलाचा ठरला. जपानमध्ये त्या काळी जठराचा कर्करोग खूप आणि मोठ्या आतड्याचा कमी होता. अमेरिकेत नेमके उलट होते. स्थलांतर केलेल्या पहिल्या पिढीत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण बऱ्याच अंशी जपानसारखेच राहिले, तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ते खाली आले, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण तर पहिल्या पिढीतच वर चढले. रक्त तेच होते. खाणेपिणे आणि परिसर बदलला होता. यात आणखी एक बारकावा आहे. जठराच्या बाबतीत बालपणी झालेला संसर्ग आणि तेव्हाचा आहार यांचे वजन अधिक, तर आतड्याच्या बाबतीत प्रौढपणीच्या राहणीचेही वजन मोठे, असे या दोन वेगवेगळ्या गतींवरून दिसते. एका स्थलांतराने दोन आजारांचा स्वभाव उघड केला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

इतर दाखले थोडक्यात सांगतो. ईशान्य थायलंडमध्ये पित्तनलिकेचा कर्करोग जगात सर्वाधिक आहे आणि त्याचे मूळ कच्च्या माशांतून शरीरात जाणाऱ्या यकृतकृमीत आहे. चीनच्या छीतुंग भागात यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू आणि बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष, हे दोघे जोडीने होते. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये त्वचेचा मेलानोमा सर्वाधिक, कारण गोरी कातडी आणि कडक ऊन एकत्र आले. या शेवटच्या उदाहरणात रक्ताचा वाटा स्पष्टच आहे, परंतु त्याच वंशाच्या लोकांना ब्रिटनमध्ये हा आजार पुष्कळ कमी होतो.

प्रतिबंधाला अर्थ आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा तैवानचा आहे. तेथे १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्यास सुरुवात झाली, आधी बाधित मातांच्या आणि दोन वर्षांनी सर्वच बालकांना. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचा दर १९८१ ते १९८६ या काळात लाखामागे ०.७० होता, तो १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर आला. हे आकडे दिसायला लहान आहेत, पण त्यांतील प्रत्येक अंश म्हणजे शाळेत जाण्याच्या वयाचे मूल आहे.

प्रश्न : दर वाढतो आहे अशी बातमी आली, की आजार खरोखर वाढतो आहे असेच समजायचे ना?

उत्तर : नेहमी नाही. नव्या रुग्णांच्या आकड्यासोबत मृत्यूंचा आकडा कसा बदलला, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोगाच्या तपासण्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉईडची तपासणी त्यात नव्हती, परंतु थोडे जास्त पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेण्याची सोय ठिकठिकाणी असे. २०११ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचा दर १९९३ च्या तुलनेत पंधरापट झाला. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले. आजार वाढलाच असता तर मृत्यूही वाढायला हवे होते, आणि लवकर निदानाने जीव वाचत असते तर ते घटायला हवे होते. दोन्ही झाले नाही, याचा अर्थ आयुष्यभर उपद्रव न देणाऱ्या बारीक गाठी शोधून काढल्या जात होत्या. ज्यांची ग्रंथी काढली गेली त्यांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागल्या, काहींच्या आवाजाच्या नसेला इजा झाली. २०१४ मध्ये तेथील डॉक्टरांच्याच एका गटाने जाहीर सावधगिरीचा इशारा दिला, आणि वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

यावरून तपासण्याच निरुपयोगी आहेत, असे कोणी समजू नये. गर्भाशयमुखाच्या तपासणीत कर्करोगाआधीची अवस्था सापडते आणि ती काढून टाकता येते, त्यामुळे तेथे नव्या रुग्णांचे प्रमाणच खाली येते. कोणत्या अवयवाची तपासणी, कोणत्या वयात आणि कशासाठी, हा विवेक महत्त्वाचा.

प्रश्न : आणि एखाद्या भागाचा दर फारच कमी असेल तर तो भाग सुरक्षित मानावा का?

उत्तर : आधी तेथील नोंद कशी होते ते पाहावे. नोंदणी करणारा कर्मचारी रुग्णालयांची कागदपत्रे, पॅथॉलॉजीच्या नोंदवह्या आणि मृत्यूचे दाखले एकमेकांशी ताडून पाहतो. त्याच्यापुढे एकच नाव तीन प्रकारे लिहिलेले असते. तो वय, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि पत्ता जुळवून ही तीन माणसे आहेत की एकच, ते ठरवतो. उपचारासाठी शहरात आलेल्या रुग्णाने नातेवाइकाचा पत्ता दिलेला असेल, तर त्याचा आजार शहराच्या खाती जमा होतो आणि त्याचे मूळ गाव कागदावर निरोगी राहते. ज्याचे निदानच झाले नाही, तो तर कोठेच लिहिला जात नाही. त्यामुळे जेथे पॅथॉलॉजीची सोय दूर आहे तेथील कमी दर हा पुष्कळदा आरोग्याचा नव्हे, तर अंतराचा आकडा असतो. डेन्मार्कमध्ये १९४२ पासून संपूर्ण देशाची नोंद होते म्हणून तेथील चढउतारांवर विसंबता येते. कमी दराच्या भागात किती रुग्णांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली तपासून झाले आणि किती जणांची नोंद केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून झाली, हे दोन आकडे चांगल्या अहवालात दिलेले असतात. दर वाचण्याआधी ते शोधावेत.