मुलानं मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलंय, नेसू काय?

प्रश्न : ताई, आमचा थोरला बोटीवर कामाला आहे. या पावसाळ्यात तो रजेवर येतोय. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात म्हणून त्यानं कांदोळीच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात रात्रीचं जेवण ठरवलं आहे. एकामागून एक सात-आठ पदार्थ आणून देतात म्हणे. हॉटेलकडून त्याला आलेल्या निरोपात ‘ड्रेस कोड : स्मार्ट कॅज्युअल’ असं लिहिलंय. सून म्हणते, आई, तुमच्यासाठी छानसा गाऊन मागवते. मी आयुष्यभर साडीच नेसले, फार तर प्रवासात पंजाबी ड्रेस. आमचे हे अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चामडी चपला सोडून दुसरं काही घालत नाहीत. साडी नेसून गेले तर मुलाला ओशाळल्यासारखं होईल का? आणि नेसायचीच तर पैठणी काढू की साधीच एखादी?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : वहिनी, साडीच नेसा. तुम्हाला गाऊनची हौस असती तर मी स्वतः तुम्हाला रंग सुचवला असता. पण तुमच्या पत्रात हौस कुठेच दिसली नाही, दिसली ती धास्ती. धास्तीपोटी घेतलेला कपडा अंगावर कधी बसत नाही. तुम्ही तीन तास गळा वर ओढत बसाल आणि मुलानं एवढ्या प्रेमानं ठरवलेल्या जेवणाकडे लक्षच राहणार नाही.

उत्तर गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटात पाहुण्यांना दारातून टेबलापर्यंत नेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. कोणाला अडवतात आणि कोणाला नाही, ते तिथे उभं राहून पाहिलं. गोव्यात ‘स्मार्ट कॅज्युअल’ ही सूचना मुख्यतः किनाऱ्यावरून उठून थेट जेवायला येणाऱ्यांसाठी असते. पोहायचे ओले कपडे, बिनबाह्यांचे बनियन, पुरुषांच्या हाफ पँट, रबरी स्लिपर हे रात्रीच्या जेवणाला चालत नाही. बाकी स्वच्छ, इस्त्रीचा, नीट बसणारा कपडा चालतो. कोट-टायची गरज नसते. आणि साडीचं म्हणाल तर कितीतरी मोठ्या हॉटेलांत स्वागताला उभ्या असलेल्या मुलींचा गणवेशच साडी असतो. मीही साडी नेसूनच उभी असायचे.

तरी तुमची शंका अगदीच हवेतली नाही. २०२१ साली दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटात साडी ‘स्मार्ट कॅज्युअल’मध्ये बसत नाही असं सांगून आपल्याला अडवलं, अशी तक्रार एका बाईंनी केली होती. तो व्हिडिओ देशभर फिरला, राष्ट्रीय महिला आयोगानं दखल घेतली. त्याआधी २०१४ साली चेन्नईच्या एका क्लबात हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आले म्हणून आत सोडलं नाही. तेव्हा तामिळनाडू विधानसभेनं त्याच वर्षी कायदा केला आणि असली बंदी मोडीत काढली. या गोष्टी आठवल्या की मला आजही राग येतो. आपल्याच देशात आपल्या नेसण्याला दारात हरकत घेतली जावी, हे मला मुळीच मान्य नाही. गोव्यात मात्र साडी नेसलेल्या बाईला असं थांबवलेलं मी पाहिलेलं नाही. मनाची खात्री हवी असेल तर मुलाला हॉटेलात फोन करायला सांगा. दुपारी चार ते सहाच्या दरम्यान करावा, दुपारची जेवणं उरकलेली असतात आणि रात्रीची गर्दी सुरू व्हायची असते, त्यामुळे समोरचा माणूस नीट बोलतो. साडी चालते का हे विचारूच नका. टेबल आत आहे की उघड्यावर, आणि वाटेत पायऱ्या किंवा वाळू आहे का, हे विचारा. तुमचा सगळा पेहराव या दोन उत्तरांवर ठरणार आहे.

आता पैठणीचं. नको. ती भारी पडेल, लोक बघतील, असलं काही माझ्या मनात नाही. पावसाळ्यात समुद्राकाठच्या दमट हवेत जर काळवंडते, म्हणून. शिवाय वेताच्या खुर्च्या असतील तर एखाद्या सुटलेल्या काडीत जरीचा धागा अडकतो, ओढला जातो आणि ती ओढ मग कधी बसत नाही. भरजरी पदर तीन तास खांद्यावरून खाली ओढत राहतो, ते वेगळंच. पैठणी घरच्या कार्याला नेसा, कोरड्या दिवसांत.

त्याऐवजी टसर असेल तर ती काढा. नसेल तर माहेश्वरी, चंदेरी किंवा चांगली इरकल. हलक्या असतात, निऱ्या धरून राहतात. रंग गडद घ्या. अशा जागी दिवे मंद आणि पिवळसर ठेवलेले असतात. दिवसा सुंदर दिसणारा फिका पिस्ता किंवा बदामी रंग त्या उजेडात मळकट वाटतो. बाटली हिरवा, वांगी, मोरपंखी, डाळिंबी खुलून दिसतात. रस्स्याचा एखादा थेंब पडलाच तर गडद रंगावर लपतोही.

कुणबी साडीचा विचार केलात का? लाल-पांढऱ्या चौकटींची, सुती. आपल्या कुणबी-गावडा बायका ती आखूड, गुडघ्यापर्यंत नेसून, खांद्यावर गाठ मारून शेतात राबत. मागावरून ती जवळजवळ नाहीशी झाली होती. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणली जावी म्हणून मनापासून प्रयत्न केले. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० साली ते गेले. आज ही साडी नेहमीच्या लांबीची मिळते. घ्याल तर हातमागाचीच घ्या. चौकटी नुसत्या छापलेल्या असतील तर उलट्या बाजूनं रंग फिका दिसतो, तेवढं पाहून घ्या. चिखलात उभं राहून ज्यांनी गोव्याला भात दिलं त्यांचं वस्त्र गोव्यातल्या सर्वांत महागड्या टेबलावर मानानं दिसावं, असं मला फार वाटतं. मात्र पावसात सुती साडी लवकर मरगळते. दोन दिवस आधी खळ करून कडक इस्त्री करून ठेवा.

जी साडी ठरेल ती आदल्या दिवशी नेसून घरातल्या जेवणाच्या खुर्चीवर पंधरा-वीस मिनिटं बसून बघा. आरशासमोर उभं राहून साडी कळत नाही; या जेवणात तर तुम्ही उभ्या असणार फक्त येताना आणि जाताना. बसल्यावर ब्लाउज काखेत काचतो का, निऱ्या वर चढतात का, ते तेव्हाच समजतं. परकराची नाडी नेहमीपेक्षा बोटभर सैल बांधा, कारण पदार्थ घासभर दिसले तरी आठव्या पदार्थापर्यंत पोट भरतं. पदर पिनेनं नीट लावा. मांडीवर घ्यायचा कापडी रुमाल रेशमावरून सारखा घसरतो. त्याचं एक टोक कमरेशी हलकेच खोचलंत तर पुन्हा पुन्हा वाकावं लागणार नाही. काळी साडी असेल आणि रुमालाचे पांढरे तंतू तिला लागत असतील तर काळा रुमाल मागा. पुष्कळ ठिकाणी तो ठेवलेला असतो आणि मागितलेला त्यांना आवडतो. हातात हिरवा चुडा असू द्या, त्यावर आणखी काही चढवू नका, ताटलीवर आपटतं.

फुलं माळणार असाल तर अबोलीची फाती माळा. हे मी मुद्दाम सांगते आहे. अशा जेवणात एकेक पदार्थ समोर ठेवतात तेव्हा त्याचा वास आधी घ्यावा, अशीच त्यांची रचना असते. मोगरा, जाई किंवा हंगामातली सुरंगी केसांत असली की टेबलावर दुसरा कसला वास उरतच नाही, आणि शेजारच्या टेबलावरही. अबोलीला वास नाही, आणि गडद साडीवर तिचा रंग असा उठतो की दुसरा दागिना नको वाटतो. अत्तराचंही तसंच. लावायचंच तर घरातून निघण्याआधी तासभर लावा, थेंबभर.

टेबल आत असेल तर एक पातळ शाल बरोबर हवीच. वातानुकूलन कोट घालणाऱ्या माणसांच्या हिशेबानं लावलेलं असतं की काय असं मला नेहमी वाटायचं. पावसात भिजल्या अंगानं आलेल्या बायका कुडकुडत बसायच्या. उघड्यावर असेल तर चापट, मागून पट्टा असलेल्या चपला घाला. टाचा वाळूत आणि हिरवळीत रुततात, ओल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर घसरतात. गाडीपर्यंत घरच्या चपला, तिथे उतरताना चांगल्या, म्हणजे तांबड्या चिखलाचे शिंतोडे फॉलवर उडणार नाहीत.

तुमच्या ह्यांना कोट नको. पूर्ण बाह्यांचा लिननचा शर्ट, पांढरा किंवा आकाशी, आणि गडद पँट. लिननला सुरकुत्या पडणारच, ते त्या कापडाचं वळणच आहे, त्याची लाज नको. बाह्या कोपराखाली दोन घड्या घालून दुमडल्या तरी शोभतात. चपलेच्या बाबतीत मात्र त्यांचं मन वळवा. चामडी चपलेला बहुतेक ठिकाणी कोणी हरकत घेणार नाही, पण काही रेस्टॉरंटांत पुरुषांना पाय झाकलेला बूट लागतो, आणि दारात तो विषय निघाला की सगळ्यांचीच संध्याकाळ विसकटते. साधे मऊ बूट आणून आठवडाभर घरात घालायला द्या, म्हणजे त्या रात्री चावणार नाहीत.

राहिलं मुलाच्या ओशाळण्याचं. दारात उभं राहून मी आई-वडिलांना घेऊन आलेली पुष्कळ मुलं पाहिली. आईनं काय नेसलंय याकडे त्यांचं लक्ष नसतं, ती खुशीत आहे का याकडे असतं. आई बुजून गप्प झाली की मुलगा घास गिळेनासा होतो, आणि तिनं ‘ह्यात कोकम घातलंय की काय रे?’ असं मोकळेपणी विचारलं की त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. सुनेला मात्र नाराज करू नका. ती हौसेनं विचारते आहे. तिला म्हणा, गाऊन नको गं, पण या साडीवर ब्लाउज तूच निवड. नव्या पद्धतीचा, थोडी लांब बाही, बंद गळा, जे तिच्या मनात असेल ते. शिंप्याकडे लगेच टाका, चवथ जवळ आली की शिंपी हातात सापडत नाहीत.

प्रश्न : मी साखळीचा. पहिलीच नोकरी आहे. साहेबांनी बाहेरगावच्या पाहुण्यांबरोबर पणजीत एका महागड्या रेस्टॉरंटात जेवायला यायला सांगितलंय. माझ्याकडे काळी जीन्स आणि पांढरे स्नीकर आहेत. उसनवारी करून ब्लेझर घेऊ का?
— एक तरुण वाचक

उत्तर : कर्ज काढून ब्लेझर घेऊ नकोस. जीन्स न फाटलेली, न विटलेली असेल तर चालेल, पण हे कामाचं जेवण आहे, म्हणून शक्य असेल तर एक साधी गडद सुती पँट शिवून घे. ती तुला पुढे वर्षभर ऑफिसात उपयोगी पडेल. वर फिका, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मापात. खांद्याची शिवण खांद्यावरच आली पाहिजे, दंडावर उतरलेली नको. महागडा शर्टही तिथे फसतो. स्नीकर पांढरेशुभ्र धुतलेले असतील तर न्यायला हरकत नाही, नाहीतर भावाचे काळे बूट घाल. साखळीहून मोटारसायकलवर येणार असशील तर शर्ट पिशवीत घालून आण आणि पोचल्यावर बदल. हेल्मेटनं बसलेले केस ओल्या हातानं सारखे कर. आणि साहेबांना आधी सरळ विचार, तुम्ही काय घालणार आहात? ते कोट घालणार असतील तर मित्राचा एका रात्रीपुरता मागून घे, पण मापाचा असेल तरच.

प्रश्न : अशा ठिकाणी कपड्यावर डाग पडला तर तिथल्या तिथे काय करावं? मागच्या खेपेला शागुतीचा थेंब रेशमी ओढणीवर पडला, मी साबण लावला तर तो लालभडक झाला.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तो हळदीचा गुण. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते, कुंकवात होते तशीच. कपडा गेला असं समजू नका, साबण नीट निघून गेला की रंग परत पिवळ्यावर येतो. टेबलावर असताना डाग चोळू नका. रुमालाची कोरडी घडी नुसती दाबून तेल टिपून घ्या, मग गार पाण्यात बुडवलेल्या टोकानं बाहेरून आतल्या बाजूला टिपा. गरम पाणी अजिबात नको. सुती कपडा असेल तर घरी धुऊन उन्हात वाळत घाला. हळदीचा पिवळेपणा उन्हानं बराच उडतो, दोन-तीन उन्हं लागतील. रेशीम कडक उन्हात टाकू नका, त्याचा मूळ रंगही जातो. ते ड्रायक्लीनला द्या, आणि देताना डाग शागुतीचा आहे, त्यात हळद आणि खोबऱ्याचं तेल दोन्ही आहे, असं स्पष्ट सांगा. दुकानदार विचारत नाही, तरी सांगा. तेलाला वेगळं औषध लागतं, हळदीला वेगळं.