गीझर टिपायला निघालेल्या नवख्याला

अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे कढत पाण्याचे फवारे, टिपायला निघालायस, छान! लेन्स कुठली घेऊ ते नंतर बघू, आधी एवढं ध्यानात ठेव.

पांढरी वाफ पाहून कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी येतो. एक्स्पोजर थोडं वाढव, पण वाफेतला तपशील उडाला नाही ना, ते हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, तपास. मांडवीवरच्या पहाटेच्या धुक्यात सराव होईल.

गीझरच्या शिंतोड्यांत सिलिका असते, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज. मिरामार किनाऱ्यावरचा खारा फवारा ओल्या फडक्याने निघतो. सिलिका मात्र वाळली की काचेला चिकटूनच बसते. साधा फिल्टर लाव आणि थेंब पडला की लगेच पूस.

नवशिके नुसतं उडणारं पाणी टिपतात. मला विचारशील तर खरा फोटो मेलेल्या पाइनचा. गरम पाण्यातली सिलिका शोषून त्यांचे बुंधे पांढरे पडतात, मोजे घातल्यासारखे. असं एकच झाड घे, मागे वाफ. बस्स.

ओल्ड फेथफुल हा तिथला प्रसिद्ध गीझर साधारण दीड तासाने उडतो, अंदाजाची वेळ तिथे लावलेली असते. पहाटे जा, थंडीत वाफ दाट दिसते.

आणि फळ्यांची वाट सोडायची नाही, कितीही मोह झाला तरी. जमिनीचं कवच पातळ, खाली कढत पाणी. ड्रोन पणजीतच राहू दे, तिथे बंदी आहे.